डोंगरेंचं मत

ब्रिटन युरोपातून बाहेर पडला, त्याला जबाबदार असलेला एक माणूस ॲरिझोनातल्या चँडलर गावात राहतो. आमच्यापासून तिसऱ्या घरात. निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं आहे.

श्रीरंग डोंगरे नव्या माणसाला भेटले की आधी नाव सांगतात, मग गाव सांगतात, कराड, आणि तिसऱ्या वाक्याला म्हणतात, "ब्रेक्झिटमध्ये माझं एक मत आहे."

समोरच्याला वाटतं, यांचं ब्रेक्झिटबद्दल काहीतरी म्हणणं असावं. तो भिडेखातर विचारतो, "काय मत आहे?"

मग डोंगरे दुखावतात. "तसलं मत नव्हे हो. तसली मतं काय, सगळ्यांनाच असतात. मी मत दिलंय. पेटीत टाकून."

"असं? कुणाच्या बाजूनं?"

"मत गुप्त असतं," असं म्हणून डोंगरे समोसा उचलतात.

आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या नवऱ्याला, अमेयला, ती शुद्ध थाप वाटली होती. भारतीय पासपोर्टवाला माणूस ब्रिटनच्या सार्वमतात मत देईलच कसा? त्यानं तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि गप्प बसला. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असला तर त्याला मत होतं. डोंगरेंना कंपनीनं तेव्हा डार्बीला पाठवलेलं. जाऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. आणि पोलंड-फ्रान्सहून येऊन तिथे संसार थाटलेल्या माणसांना, ज्यांचं पुढचं सगळं त्या निकालावर लटकलं होतं, त्यांना मत नव्हतं. "दीडशे वर्षं राज्य केलं तेव्हा एकदाही विचारलं नाही," डोंगरे म्हणतात, "आणि जाता जाता विचारलं, ते थेट युरोपचं काय करू म्हणून."

ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मत. आणि आजपर्यंतचं शेवटचं. कराडच्या मतदारयादीत त्यांच्या वडिलांचं नाव वडील गेल्यावरही टिकून राहिलं, यांचं मात्र जिवंतपणी कधी लागलं नाही. पुण्यात नोकरीला असताना 'श्रीरंगी डोंगरे, स्त्री, वय ७१' अशी एक नोंद सापडली होती. ती आपलीच आहे असं त्यांनी केंद्रावरच्या बाईंना पटवायचा प्रयत्नही केला. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि "पुढचे या" म्हटलं.

त्यामुळे डार्बीचं मतदान डोंगरे अजून पावलापावलानं सांगतात. शाळेच्या हॉलमधलं केंद्र, आत उभं राहून खूण करायचा लाकडी खोका, आणि खोक्यात सुतळीला बांधलेली पेन्सिल.

"पेन्सिल, वहिनी! एवढा मोठा देश, एवढा मोठा निर्णय, आणि पेन्सिल. मी केंद्रावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, खोडरबर कुठंय?"

दुसरा धक्का असा की बोटाला शाई लावली नाही. आईला फोटो पाठवायचा होता. मग बाहेर बाकावर बसून डोंगरेंनी खिशातल्या बॉलपेननं स्वतःच्या बोटावर रेघ ओढली आणि फोटो काढला. तो फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. डार्बीचं ढगाळ आभाळ आणि त्यापुढे एक अभिमानी बोट.

डोंगरे आणि मी एकाच चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहोत. तिथे आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवावा लागतो, माणसाचे नुसते डोळे दिसतात. तशा अवस्थेतही डोंगरे ओळखू येतात, कारण त्या डोळ्यांत कायम एक प्रकारची राष्ट्रीय चिंता असते. राष्ट्र मात्र दुसऱ्याचं.

ज्या हिवाळ्यात ब्रिटनच्या संसदेत युरोपातून बाहेर पडायच्या कराराची रोज लक्तरं निघत होती, तेव्हा तर त्यांच्याकडे बघवत नसे. तिकडे संध्याकाळी मतदान असे, म्हणजे इकडे बरोबर जेवणाची सुट्टी. डोंगरे कँटीनमध्ये पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून बसत. सभापती 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडले की आमच्या टेबलावरचा मेक्सिकन रॉबर्टो न चुकता, "काय, बरिटो का?" असं विचारी. ठराव फेटाळला गेला की डोंगरे डबा बंद करत. आणि ठराव सारखे फेटाळलेच जात. त्या हिवाळ्यात माणूस चांगला चार-पाच किलोंनी उतरला.

शेवटी ज्या दिवशी ब्रिटन खरोखरच बाहेर पडला, तेव्हा आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते. डोंगरे खुर्चीतून उठले आणि हात बाजूला घेऊन ताठ उभे राहिले. त्यांना बघून पलीकडचे दोघं उठले. मग आणखी काही. फायर ड्रिल आहे असं समजून अर्धा मजला जिन्यानं खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. मॅनेजरनं विचारलं, कुणी सुरू केलं हे? डोंगरे म्हणाले, "लोकशाही आहे, सर."

पुढे एक खरा इंग्रज साहेब आमच्या विभागात आला. डोंगरे आठवडाभर त्याच्या मागावर होते. अखेर कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. मी मागेच उभी होते. आधी डोंगरेंनी साहेबाचा अंदाज घेतला. तो राहणाऱ्यांतला निघाला तर 'सॉरी' म्हणायचं, जाणाऱ्यांतला निघाला तर 'काँग्रॅच्युलेशन्स', असा त्यांचा नेम. पण साहेबाच्या चेहऱ्यावरून काही कळेना, तेव्हा डोंगरेंनी दोन्ही म्हणून टाकलं. साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी त्या दिवशी स्पेनमध्ये सुट्टीवर होतो. मत द्यायचं राहूनच गेलं." डोंगरेंनी त्या माणसाशी नंतर कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आमच्या मंडळींत ब्रेक्झिटवरून जेवढं भांडण झालं तेवढं प्रत्यक्ष इंग्लंडमध्येही झालं नसेल. कुणाच्याही घरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण असो, जेवणं झाली की नागपूरचे बोबडे आणि पुण्याचे प्रभुणे समोरासमोर बसायचे.

"अरे, ज्याला जायचं त्याला जाऊ द्या ना बावा," बोबडे सुरू करायचे. "आम्ही विदर्भवाले कधीचे सांगून राहिलो, आमचं आम्हाला वेगळं द्या. कोणी ऐकूनच नाही राहिलं. त्या इंग्रजाचं तरी ऐका."

"वेगळे झाल्यावर भांडणार कुणाशी, याचा काही विचार केलाय का?" प्रभुणे थंडपणे विचारायचे. मग ते आयर्लंडच्या सीमेवर बोलायला लागायचे. ते इतक्या अधिकारानं, की जणू त्यांचा प्लॉट तिथेच आहे आणि कुंपणाची केस कोर्टात चालू आहे. गाजरहलवा गार व्हायचा. बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणा करायच्या. मुलं म्हणायची, "कॅन वी गो होम नाऊ?"

आणि दोघांच्या मधोमध, सोफ्याच्या फटीत, डोंगरे. दोन्ही पक्षांचं संपेपर्यंत थांबायचे आणि मग घसा खाकरायचे. "मतदार या नात्यानं सांगतो," असं म्हटलं की खोली गप्प व्हायची, कारण त्या खोलीत त्या बाबतीत बोलायचा हक्क असलेला तो एकच माणूस होता. एवढी शांतता मिळवून डोंगरे काय सांगायचे? "दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे." बस्स.

यांनी मत कुणाला दिलं, यावर बोबडे आणि प्रभुण्यांची हापूसच्या पेटीची पैज आहे. बोबडे म्हणतात, हा माणूस एकटा राहतो, एकटा खातो, हा जाणाऱ्यांतलाच. प्रभुणे म्हणतात, ज्या माणसाला पॉटलकहून घरी घालवायला दिवे मालवावे लागतात तो कसला जातोय. पेटी दर मे महिन्यात येते, निकाल लागत नाही, आणि शेवटी सगळे मिळून ती संपवतो.

डोंगरे एकटे राहतात हे खरं. व्हिसाचं एकदा मार्गी लागलं की लग्नाचं बघू, असं म्हणता म्हणता सत्तेचाळीस झाले. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, पण त्या रांगेत पुढचा माणूस दिसतच नाही, नुसता मागून ढकलतो तो कळतो. घर घेतलं नाही, कारण उद्या जावं लागलं तर काय. घर भाड्याचं असल्यामुळे कॉलनीच्या सोसायटीतही मत नाही. मागे सोसायटीनं, इथे अंगणात गवताऐवजी पसरतात त्या दगडगोट्यांचा रंग बदलायचा घाट घातला तेव्हा डोंगरे तयारीनं बैठकीला गेले. तीन प्रकारचे गोटे पिशवीत भरून नेले होते. अध्यक्षबाईंनी गोड हसून विचारलं, "तुम्ही मालक की भाडेकरू?" डोंगरे गोटे घेऊन परत आले. म्हणाले, "काही नाही हो. ज्याचे गोटे त्यानं ठरवावं."

गेल्या वर्षी सप्टेंबर संपत आला होता, पण चँडलरला ते कुणी कळवलेलं नव्हतं. बाहेर भट्टी पेटली होती. शनिवारी सकाळी डोंगरे आमच्या दारात उभे राहिले. हातात काही नाही. एरवी हा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, निदान आमचाच डबा तरी परत आणतो.

"वहिनी, पावेल येतोय."

"कोण पावेल?"

आत येऊन बसले. अमेय मुलीला पोहायला घेऊन गेला होता. मी चहा ठेवला. चहा निवेपर्यंत ते बोलत होते, आणि त्या सगळ्या वेळात त्यांनी 'मतदार या नात्यानं' एकदाही म्हटलं नाही.

डार्बीला एका घरात तिघं भाड्यानं राहायचे. खाली पावेल आणि त्याची बायको आग्न्येष्का, दोघं पोलंडचे. वर डोंगरे. स्वयंपाकघर एकच. आग्न्येष्काचं नाव डोंगरेंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी तिला अग्निवहिनी करून टाकलं. तिनं राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाची थालीपिठं लावली होती. डोंगरेंना ताप भरला तेव्हा पावेलनं बिटाचं सूप करून वर आणून दिलं. "मला वाटलं, रंगपंचमीचं उरलंय. पण प्यालो, वहिनी. तीन दिवस तेच प्यालो." रविवारी तिघं मिळून पत्ते खेळायचे. डोंगरेंनी त्यांना मेंढीकोट शिकवला. चौथा भिडू नव्हता म्हणून चौथ्याची पानं खुर्चीवर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून त्या खुर्चीला शिव्या द्यायच्या.

मग सार्वमत आलं.

"पावेल म्हणाला, श्री, मला मत नाही, तुला आहे. माझ्या वतीनं तू दे. आम्हाला इथे राहू द्या, एवढंच सांग त्यांना. मी म्हटलं, हो. त्यात काय."

"मग?"

"ऑफिसात आपलाच एक जण होता. तो म्हणाला, हे युरोपवाले यायचे थांबले ना, की आपल्या लोकांना व्हिसा सोपा होणार. बघच तू." डोंगरे कपाच्या कानाशी खेळत होते. "मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो हो. पण त्या खोक्यात उभा राहिलो, पेन्सिल हातात घेतली, आणि वहिनी, मला पावेल दिसलाच नाही. मला माझा व्हिसा दिसला."



"लीव्ह," डोंगरे म्हणाले. इतक्या वर्षांत फुटलं नव्हतं ते गुपित, आणि किती छोटा शब्द.

"आणि व्हिसा?"

"वर्ष संपायच्या आत संपला. वाढवून मिळाला नाही. कंपनीनं उचललं आणि इकडे आणून ठेवलं."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

"ते दोघंही गेले मग. दोनेक वर्षांनी. सगळं विकलं, अग्निवहिनीनं शिलाईचं मशीनसुद्धा विकलं. ती पडदे शिवून द्यायची. आता पावेलचा तिकडे खिडक्या बसवायचा धंदा आहे. लास व्हेगसला कसलंसं प्रदर्शन आहे, तिथून तो तीन दिवस माझ्याकडे येणार. यावेळी सांगणार मी त्याला. तोंडावर."

"डोंगरे, एका मतानं काय होतं हो?"

त्यांनी मान वर केली. "सगळे हेच म्हणतात. मग द्यायचं कशाला?"

मी चहा गरम करून आणला.

पावेल आला. उंच, टक्कल पडलेला, हसरा माणूस. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर त्यानं "श्री!" अशी हाक मारून डोंगरेंना जमिनीवरून उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग आभाळाकडे बघून विचारलं, "तुम्ही लोक इथे स्वखुशीनं राहता?" पोलंडहून बायकोनं दिलेला खसखशीचा केक त्यानं पोटाशी धरून आणला होता.

पहिल्या दिवशी डोंगरेंनी सांगितलं नाही, कारण पाहुणा दमलेला होता. दुसऱ्या दिवशी ते त्याला ग्रँड कॅन्यन दाखवायला घेऊन गेले. जाताना चार तास, येताना चार तास, गाडीत दोघंच. याहून चांगली संधी कुठली? परतल्यावर मी कुंपणापाशी गाठून खुणेनं विचारलं. डोंगरेंनी मान हलवली.

"का?"

"जाताना तो झोपला होता."

"आणि तिथे?"

"तिथे काठावर उभे होतो, वहिनी. खाली एवढी मोठी दरी. असल्या ठिकाणी माणसाला असलं काही सांगतात का?"

"आणि येताना?"

"येताना मी झोपलो. गाडी तो चालवत होता."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे जेवण ठेवलं. डोंगरेंनी दुपारपासून आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. भरली वांगी, मसालेभात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि पावेलसाठी वेगळे बटाटे. मला फक्त मीठ कुठे आहे एवढं विचारत होते. बोबडे आले, प्रभुणे आले. दोघं पावेलच्या दोन बाजूंना बसले, आणि त्यांच्या डोळ्यांत हापूसची पेटी स्पष्ट दिसत होती.

जेवण होईपर्यंत त्यांनी धीर धरला, हे त्यांचं मोठेपण. वाटीतली बासुंदी संपल्याबरोबर बोबड्यांनी इंग्रजीत तोंड उघडलं. "मिस्टर पावेल, एक विचारू का? आमच्या या डोंगरेनं त्या ब्रेक्झिटमध्ये मत कुणाला दिलं, काही सांगितलं का तुम्हाला?"

डोंगरे पाणी वाढत होते. तांब्या हातात तसाच राहिला.

पावेल हसला. हात लांब करून त्यानं डोंगरेंचा खांदा धरला. "मला? मला सांगायला कशाला पाहिजे? यानं माझ्यासाठी मत दिलं. मला मत नव्हतं, यानं माझं मत दिलं. आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. माझी आई तर चर्चमध्ये सांगते, बायांनो, माझ्या मुलासाठी इंग्लंडमध्ये एका हिंदू माणसानं मत दिलं होतं."

"बघा!" प्रभुणे उभेच राहिले. "मी काय म्हणत होतो! रिमेन! बोबडे, पेटी काढा."

"मेमध्ये देतो ना बावा, पळून नाही चाललो," बोबडे कुरकुरले. सगळे हसले. टाळ्याही वाजल्या. कुणीतरी डोंगरेंची पाठ थोपटली. डोंगरेंनी तांब्या खाली ठेवला, टेबलावरची ताटं एकावर एक रचली आणि आत गेले. मग आतून नळाचा आवाज सुरू झाला तो थांबेना.

मी बाहेर मागच्या अंगणात आले. थोड्या वेळानं पावेलही आला. उजेड अजून होता. आमच्या लिंबाच्या झाडापाशी उभा राहून त्यानं एक लिंबू हुंगलं.

"श्री काय करतोय?"

"भांडी घासतोय. घरात डिशवॉशर आहे, तरी हातानं."

पावेल मान हलवत हसला. "त्या दिवशीही घासली होती."

"कुठल्या दिवशी?"

"निकालाच्या. मी सकाळी सहाला खाली आलो. माझी शिफ्ट होती. हा माझ्याआधी उठलेला. टेबलावर तिघांचा नाश्ता, तो पिवळा गोड शिरा, काय काय. मी टीव्ही लावायच्या आधीच म्हणाला, सॉरी, पावेल. आणि सगळी भांडी घासायला लागला. धुतलेलीसुद्धा."



"मी कामावर गेलो," पावेल म्हणाला. "तिथे जे हरले होते ते सगळे चिडले होते. शिव्या देत होते, दारं आपटत होते. श्री चिडलाच नाही. नंतरचे तीन दिवस नुसता स्वयंपाक करत होता. आग्न्येष्का म्हणाली, तुझ्या बाजूनं मत दिलेला माणूस तुला तीन दिवस कशाला खायला घालेल?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"पहिल्यापासून."

"राग नाही आला?"

"आला ना. आठवडाभर याच्याशी पत्ते खेळलो नाही." त्यानं लिंबू खिशात टाकलं. "पण खरं सांगू? आग्न्येष्का आधीपासूनच परत जाऊ म्हणत होती. मीच तिला अडवून धरलं होतं. त्या निकालानंतर मला भांडायला मुद्दाच उरला नाही. आता तिचं दुकान आहे, आई जवळ आहे. इंग्लंडची आठवण येते, पण फक्त त्या स्वयंपाकघराची."

"मग हे आत्ता टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलंत ते? आणि त्यांना सांगून का टाकत नाही, की मला माहीत आहे म्हणून? त्या माणसाचा जीव किती टांगलेला आहे, बघताय ना."

पावेलनं घराकडे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगरेंची पाठ दिसत होती. खांदे वरखाली होत होते, कढई असावी.

"तो मला दर रविवारी फोन करतो," पावेल म्हणाला. "डार्बी सोडलं तेव्हापासून. एकही रविवार चुकलेला नाही. सुरुवातीला म्हणतो, पावेल, तुला एक सांगायचं होतं. मी म्हणतो, सांग. मग हा विचारतो, तिकडे हवा कशी आहे. आईचा गुडघा कसा आहे. मुलीचा दात पडला का. माझे वडील गेले तेव्हा माझा सख्खा भाऊ एकदाच बोलला, हा चाळीस मिनिटं फोनवर नुसता बसून होता. काही बोलला नाही, बसून होता." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मी म्हटलं की मला माहीत आहे, माफ केलं, तर हा थँक यू म्हणेल. मग पुढच्या रविवारी फोन कशासाठी करेल?"

आत नळ बंद झाला. "यातलं काही त्याला बोलू नका," पावेल घाईनं म्हणाला आणि मोठ्यानं विचारलं, "हे लिंबू मी घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं विमान होतं. डोंगरे मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण चला. मागे बसा नुसत्या. कुणी असलं की धीर येतो. आज सांगतोच."

मी मागे बसले. रस्ताभर ते दोघं खिडक्यांबद्दल बोलले. दुहेरी काच चांगली की तिहेरी, यावर डोंगरेंना इतके प्रश्न असतील असं मला वाटलं नव्हतं. विमानतळाच्या दारापाशी गाडी थांबली. मागे दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. डोंगरेंनी डिकीतून बॅग काढून दिली, भाजणीची पिशवी दिली, "अग्निवहिनीला," म्हणाले. मग घसा खाकरला.

"पावेल, तुला एक सांगायचं होतं."

"सांग," पावेल म्हणाला. अगदी सरळ चेहऱ्यानं.

डोंगरेंनी तोंड उघडलं. मिटलं. "पोचलास की फोन कर," ते म्हणाले.

पावेलनं त्यांना पुन्हा एकदा उचललं, खाली ठेवलं, आणि मागे न बघता आत गेला.

परत येताना मी पुढच्या सीटवर बसले. दोन्ही बाजूंना तापलेलं, मोकळं माळरान आणि मधूनमधून हात वर करून उभे असलेले निवडुंग.

"वहिनी," डोंगरेंनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "त्याला कळलं असेल का हो? काही अंदाज?"

"नाही हो," मी म्हटलं. "त्याला कसं कळणार?"

त्यांनी सुस्कारा सोडला. त्यात सुटका किती आणि निराशा किती, हे मला सांगता येणार नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "रविवारी फोन करीनच. तेव्हा सांगतो."

"सांगा ना," मी म्हटलं. "घाई काय आहे."